चॅपलला नेणारी घोडी

१६ फेब्रुवारी १९८५, शनिवार

आज आलं ते : घोडी एक, तांबूस, कपाळावर पांढरा पट्टा, वय चौदा, नाव मॉर्फिद. एकशे ऐंशी पौंड. दोन चाकी गाडी एक, एका बाजूचा दिवा फुटका, साजासकट साठ पौंड. ट्रकभाडं बारा. वाळल्या गवताचे गठ्ठे वीस, चोवीस पौंड. चाटायचा मिठाचा दगड एक, बिनपैशाचा. हा एम्रिसने मुद्दाम दिला की ट्रकमध्ये चुकून राहिला ते कळत नाही. एम्रिस माझा चुलतभाऊ. म्हातारपणी बंगलीत राहायला गेला, म्हणून घोडी विकली. दगडाचं विचारून घेतलं पाहिजे.

लग्नानंतर एका दिवसात एवढा खर्च मी कधी केला नव्हता. पण हिशेब सरळ आहे. आमची मोटार डिसेंबरात तपासणीला उतरली नाही आणि दुरुस्तीला याहून जास्त लागले असते, वर पेट्रोल. रविवारी बस नाही. हेब्रोन चॅपल तीन मैलांवर, निम्मा रस्ता चढाचा. इकडे दूध किती घालायचं यालाच सरकारने मर्यादा घातल्यावर माझ्या नवऱ्याने, इद्वलने, सप्टेंबरात सगळ्या गाई विकल्या, आणि तेव्हापासून विहिरीचं शेत नुसतं गवत वाढवत बसलं आहे. पाच एकर गवत आणि खायला कोणी नाही. देवाने दिलेलं वाया घालवणं हेही पापच. घोडी गवत खाईल आणि आम्हाला चॅपलला नेईल. यात चैन कुठेही नाही.

इद्वलला विचारलं तर म्हणाला, "तुला हवं ते कर." सप्टेंबरपासून तो सगळ्यालाच असं म्हणतो. जेवण झालं की रिकाम्या गोठ्यात जाऊन उलट्या बादलीवर बसतो. मला वाटतं वायू असावा. गरम पाण्यातून खायचा सोडा देते आहे.

ट्रकमधून उतरल्या उतरल्या घोडीने माझ्या ॲप्रनच्या खिशात तोंड घातलं. खिशात काही नव्हतं. तिला तसं सांगितलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

मॉर्फिदने आम्हाला पहिल्यांदा चॅपलला नेलं. लगाम इद्वलने धरला. विशीनंतर त्याने लगाम हातात घेतला नव्हता. गाडीत बसलं की कुंपणाच्या झुडपांवरून पलीकडचं दिसतं, हे मी विसरूनच गेले होते. वाटेवरच्या प्रॉथेरोंच्या शेतात पहिली कोकरं झाली आहेत. मोटारीतून इतकी वर्षं गेलो, मला फक्त झुडपं दिसली.

पाळक रीसांच्या प्रवचनाचा विषय धीर. मुद्दे तीन होते. तिसरा आठवत नाही, कारण बाहेर झाडाखाली बांधलेली घोडी खिडकीतून दिसत होती.

परतताना इद्वल बोलला. "डाव्या मागच्या पायाचा नाल ढिला आहे," असं म्हणाला, आणि फाटकापाशी आल्यावर, "बरी चालते." सोड्याचा गुण येतो आहे.

१ मार्च, शुक्रवार

संत डेव्हिडचा दिवस, आमच्या देशाचा सण. लीकची पात घालून मटणाचा रस्सा केला. बाजाराला गेलेच होते म्हणून घरपट्टी कौन्सिलच्या कचेरीत स्वतः भरली, टपालाच्या तिकिटाचे पैसे वाचले. खिडकीवर एलेरी नावाची फार गोड मुलगी आहे. कोटाला पिवळं डॅफोडिल लावलं होतं. मागे रांग नव्हती, म्हणून तिला मॉर्फिदबद्दल सांगितलं. रविवारी आम्हाला कशी चॅपलला नेते, जुन्या पडद्याचं तिला पांघरूण कसं शिवलं, रात्री कोंड्याची चंदी देते तेव्हा कशी हुंकार देते. एलेरी म्हणाली, "काकू, किती छान! आत सगळ्यांना सांगते बघा."

आजकालच्या मुली इतकं मन लावून ऐकत नाहीत.

१२ मार्च, मंगळवार

कौन्सिलकडून पत्र. लांब पाकीट पाहूनच इद्वलने ते माझ्याकडे सरकवलं. विहिरीचं शेत ही शेतजमीन आहे. तिथे आम्ही करमणुकीसाठी घोडी पाळली असल्याचं कार्यालयाच्या लक्षात आलं आहे. तरी जमिनीचा वापर बदलण्यासाठी परवानगीचा अर्ज करावा, नाही तर घोडी हलवावी. सोबत छापील अर्ज. अधिकारी पाहणीला येतील.

"करमणूक?" मी म्हटलं. "पाळक रीसांचं प्रवचन ऐकलंय का ह्यांनी एकदा तरी?"

इद्वल अर्ज वाचत होता. सध्याचा वापर, शेती. नवा वापर, घोडे पाळणे व करमणूक. त्याने चष्मा काढून ठेवला.

"यावर सही केली की शेत हे शेत राहत नाही, नेस्टा."

"कागदावरच ना? गवत थोडंच बदलणार आहे!"

"गाई गेल्या. आता कागदावरूनही जाऊ?" मग म्हणाला, "आजोबांनी त्यातला दगडन्‌दगड हाताने वेचला. उत्तरेचा बांध त्याच दगडांचा आहे. त्याला काय आता घोड्यांच्या बागेचं कुंपण म्हणू?"

सप्टेंबरपासून तो एका दमात इतकं बोलला नव्हता, आणि बोलला ते हे. शेवटी म्हणाला, "घोडी जाऊ दे. एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी लानबिदरचा बाजार आहे. नाव घालतो."

लानबिदरच्या घोडेबाजारात चौदा वर्षांची घोडी कोण घेतं आणि कशासाठी घेतं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. खाटकाचं नाव कोणी काढलं नाही. सोडा दुप्पट दिला.

कार्यालयाच्या लक्षात कोणी आणून दिलं याचा विचार करण्यात संध्याकाळ गेली. जुन्या शाळेच्या इमारतीत दोन वर्षांपूर्वी पोकॉक म्हणून बर्मिंगहॅमचं जोडपं राहायला आलं आहे. मिसेस पोकॉक कुंपणापलीकडून सगळ्याचे फोटो काढतात. मागच्या रविवारी आमचाही काढला, गाडीत बसलेल्या आमचा, आणि वर हात हलवला. आता काही विचार करायचं उरलं नाही.

१६ मार्च, शनिवार

चार दिवस मनात राग होता. उद्या प्रभुभोजन आहे. शेजाऱ्याविषयी मनात अढी ठेवून त्या मेजापाशी जाता येत नाही, म्हणून काल रात्री मनुका चहात भिजत घातल्या, सकाळी त्यांचा पाव भाजला आणि गरम असतानाच जुन्या शाळेत घेऊन गेले.

"अगंबाई, मिसेस बेव्हन! हे कशासाठी?"

"कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे आणि देवाला माहीत आहे."

"नाही हो, खरंच मला..."

"मी मनात काहीही ठेवलेलं नाही. एवढंच सांगायला आले."

त्या जराशा पांढऱ्या पडल्या. मग पावाचा वास घेतला आणि कृती विचारली. मी सांगितली. वाटेत लक्षात आलं की मनुका रात्रभर भिजवायच्या हे मी सांगितलंच नाही. मुद्दाम नाही, पण अगदी चुकूनही नाही. परत जाऊन सांगून आले. क्षमा अर्धी करता येत नाही.

१७ मार्च, रविवार

चालत गेलो. निकाल लागेपर्यंत कोणाला बोट दाखवायला जागा नको. मॉर्फिद फाटकावर मान टाकून आम्ही वळणाआड जाईपर्यंत बघत होती. इद्वलने एकदाही मागे पाहिलं नाही. मी तीनदा पाहिलं.

चढावर श्वास लागला तेव्हा थांबून मनाची झडती घेतली. ते करमणूक म्हणतात ते खोटं आहे का? उतारावर ती दुडकी धरते, गाडी हलकी होते, वारा टोपीत शिरतो, तेव्हा माझ्या पोटात जे होतं ते भक्तीचं नव्हे. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे देवापुढे वेगळं सांगायला नको.

२६ मार्च, मंगळवार

कौन्सिलचे अधिकारी आले. मिस्टर होप्किन, तिशीचे, नवे कोरे रबरी बूट. चहाला नको म्हणाले आणि दोन कप प्यायले. मग तिघे शेतात गेलो.

"घोडीला काय घालता?"

"गवत," इद्वल म्हणाला. "फक्त गवत. शेतातलं."

तेवढ्यात मॉर्फिद आली, सरळ माझ्या खिशात तोंड घातलं आणि ओटचं बिस्किट काढून अधिकाऱ्यांच्या तोंडासमोर चावत उभी राहिली.

"मोडके तुकडे आहेत," मी म्हटलं. "वाया गेले असते."

ते अख्खं होतं. आम्ही तिघांनीही पाहिलं होतं. मग मला राहवेना. कोंडा, पावाच्या कडा, वीस गठ्ठे वाळलं गवत, पडद्याचं पांघरूण, सगळं सांगून टाकलं. इद्वल बांधाकडे बघत होता.

मिस्टर होप्किननी शांतपणे समजावलं. घोडा शेतात नुसता चरत असेल तर ती शेतीच, कौन्सिलला काही म्हणायचं नाही. पण बाहेरची चंदी-वैरण घातली, पांघरूण घातलं, मौजेसाठी गाडीला जुंपला, की ते चरणं राहत नाही, पाळणं होतं, आणि त्याला परवानगी लागते. "परवानगी मिळेल तुम्हाला, बाई. अर्ज तेवढा करा. कोणी हरकत घेईल असं वाटत नाही."

"मग शेत कागदोपत्री शेत राहील?" इद्वलने विचारलं.

"नाही. तेच तर बदलायचं असतं."

"मग अर्ज नाही."

होप्किन त्याच्याकडे बघत राहिले. "मिस्टर बेव्हन, घोडी शेतात काही काम करते का?"

"नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. खरं तेच होतं.

फाटकाची कडी लावता लावता ते बांधाकडे बघून म्हणाले, "नांगराला जुंपलेली असती तर माझं इथे काही कामच नव्हतं म्हणा. बैल काय, घोडा काय, शेत कसणारं जनावर म्हणजे शेतीच." तरुण माणसं निघताना काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. मग माझ्याकडे वळून, "आमची खिडकीवरची एलेरी तुमची फार आठवण काढते," असं म्हणाले आणि लाल झाले. वारा बोचरा होता. मी तिला नमस्कार सांगितला.

२८ मार्च, गुरुवार

इद्वल सकाळपासून गोठ्याच्या माळ्यावर. वरून वस्तू फेकतो आहे, सगळी धूळ माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर.

"काय शोधतोस रे?"

"काही नाही."

त्या 'काही नाही'मधून हे निघालं : घोड्याच्या गळ्यातली कातडी गादी, उंदरांनी एका बाजूने कुरतडलेली. साखळ्या दोन. आणि आजोबांचा सरी पाडायचा नांगर. दुपारपर्यंत माझ्याही लक्षात आलं काय चाललं आहे ते. पण नांगराचा मुख्य बोल्ट तुटलेला, आणि तसल्या मापाचा आता कुठे मिळत नाही. लोहाराच्या दुकानात हल्ली पर्यटकांसाठी मातीची भांडी विकतात.

इद्वल परत बादलीवर जाऊन बसला. या वेळी बादली गोठ्याबाहेर होती.

३० मार्च, शनिवार

मिस्टर पोकॉक पावाची ताटली परत द्यायला आले. ताटली रिकामी आणली नव्हती, जॅमचे छोटे टार्ट होते. बायकोने पाठवले. "मिसेस बेव्हन, ती म्हणते, तिने काय केलंय ते मी हळूच विचारून यावं."

"झालं गेलं संपलं," मी म्हटलं. "तो विषयच नको."

ते डोकं खाजवत अंगणात गेले आणि नांगरापाशी थांबले. मी खिडकीत होते.

"हा बोल्ट कोणी घडवला?" पोकॉकनी विचारलं.

"आजोबांच्या वेळच्या लोहाराने."

"तो आता..."

"हो. सन तीस सालीच गेला."

"मग मलाच करायला पाहिजे." आणि तुटका तुकडा रुमालात गुंडाळून चालते झाले. सायकलच्या कारखान्यात जन्म गेला म्हणे त्यांचा. जुन्या शाळेत बालवर्ग भरायचा त्या खोलीत त्यांनी धातू कातायची लेथ बसवली आहे. मी तिथेच अंकलिपी शिकले.

संध्याकाळी बोल्ट आला. नवा, चकचकीत, अजून कोमट. इद्वल तो बराच वेळ हातात धरून होता. "किती झाले?" असं त्याने विचारलं. पोकॉक म्हणाले, "त्या पावाची आणखी एक लादी."

३ एप्रिल, बुधवार

विहिरीकडच्या कोपऱ्यात अर्धा एकर, जिथे गाईंसाठी सलगम लावायचो, तिथली माती अजून मऊ आहे. आज मॉर्फिदला नांगराला जुंपलं. तिने जन्मात नांगर पाहिला नव्हता. पोकॉकनी तोंडापाशी धरलं होतं, त्यांनी जन्मात घोडा धरला नव्हता. मागे इद्वल.

"तिला सरळ चालव!" इद्वल ओरडला.

"मी सरळच चालतोय, ती नाही!"

"ही काय सरी आहे? ही नदी आहे!"

"मग मासे सोड!"

मिसेस पोकॉक फोटो काढत होत्या. आता काय, एकदा क्षमा केली ती केली.

चौथी सरी बरी झाली. पाचवीला पोकॉक बाजूला झाले आणि ती आपणहून चालली, कान मागे, इद्वलच्या आवाजाकडे. त्याचा ओरडण्याचा आवाज मी सप्टेंबरनंतर आज ऐकला. पूर्वी मला तो आवडत नसे.

रात्री सोडा घेऊन गेले तर म्हणाला, "कशाला? मला काय झालंय?"

७ एप्रिल, ईस्टरचा रविवार

चालत. चढावर पोकॉकांची मोटार थांबली. "या ना, बसा." मी नम्रपणे नको म्हटलं. मग पाऊस आला. क्षमा केलीच आहे तर भिजण्यात अर्थ नाही, म्हणून बसले. पुनरुत्थानाची स्तोत्रं चार आवाजांत फार छान झाली. पोकॉक मंडळी मागच्या बाकावर बसली होती. आमच्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता, तरी शेवटपर्यंत बसली.

ओटची बिस्किटं माझ्या हिशेबापेक्षा लवकर संपतात. मी रोज दोनच नेते. डबा वरच्या फळीवर, इद्वलशिवाय कोणाचा हात पोचत नाही, आणि त्याला ओट आवडत नाहीत. उंदीर असावेत.

२५ एप्रिल, गुरुवार

आज लानबिदरचा बाजार.

इद्वलने मार्चमध्ये नाव घातलं ते काढलं का, हे मी विचारलं नव्हतं. बटाट्याचं बेणं आलं, सऱ्या पडल्या, कौन्सिलकडून हो नाही की नाही नाही. पण त्याच्या तोंडून एकदा आलेला शब्द तो मागे घेत नाही, हे तेहतीस वर्षं पाहते आहे. रात्री झोप नाही. पहाटे उठून मॉर्फिदला खरारा केला, शेपटीतल्या गाठी सोडवल्या. चांगली दिसावी म्हणून नव्हे. चांगली दिसली तर कोणी तरी चांगल्या कामासाठी घेईल, म्हणून.

न्याहारीच्या सुमारास ट्रक आलाच. मी भांडी घासत होते, ती तशीच राहिली. इद्वल मॉर्फिदला घेऊन शेतात, शेवटच्या दोन सऱ्यांवर. ट्रकवाला फाटकापर्यंत गेला.

"काय बेव्हन, घोडी तयार आहे ना?"

इद्वलने नांगर थांबवला नाही. सरी संपवली, वळवली, आणि येताना म्हणाला, "तिला आज वेळ नाही."

"म्हणजे पुढच्या महिन्यात येऊ?"

"पुढच्या महिन्यात भर लावायची आहे. तेव्हाही वेळ नाही."

"मग केव्हा रे बाबा?"

"बटाट्यांना विचार."

ट्रकवाला हसत गेला. मी आत येऊन भांडी पुन्हा पहिल्यापासून घासली. पाण्यात साबण जास्त पडला आज.

अजून कौन्सिलचा निकाल नाही, हे मला माहीत आहे. नाही म्हणाले तर पुन्हा सगळं तिथेच. पण आज तिने सगळं बेणं झाकलं.

२७ एप्रिल, शनिवार

बार्लीचा शनिवार, पेरणी आटोपल्याचा सण. दर वर्षीप्रमाणे सगळी पंचक्रोशी आबर्टेफीत, हमरस्त्याने वळू घोड्यांची मिरवणूक. आम्ही बसने गेलो. नालांचा आवाज दोन्ही बाजूंच्या दुकानांवर आपटून परत येतो, तो मला लहानपणापासून आवडतो. इद्वलने न सांगता आइस्क्रीम आणलं, दोन.

गर्दीतून एलेरीने हाक मारली. "काकू! मॉर्फिद कशी आहे? मीच सांगितलं हो आमच्या होप्किनसाहेबांना तिच्याबद्दल, पांघरुणाचं, चॅपलचं, सगळं! इतकं छान वाटलं मला!"

"देव तुझं भलं करो," मी म्हटलं. चांगली गोष्ट माणसं पुढे सांगतात, हे ऐकून बरं वाटलं. इद्वल माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने आइस्क्रीममध्ये तोंड घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. थंड घशात गेलं असणार. बसमध्ये दोनदा पुन्हा तसंच झालं. विचारलं तर म्हणाला, "काही नाही. पोकॉकबाईंना तू क्षमा केलीस ते बरं केलंस."

"तुला आता पटलं?"

"फार पटलं."

११ जून, मंगळवार

मिस्टर होप्किन पुन्हा. बूट आता जुने झाले आहेत. इद्वल आणि मॉर्फिद बटाट्यांना मातीची भर लावत होते. रोपं वीतभर झाली आहेत, गर्द हिरवी. होप्किन बांधाला टेकून तीन सऱ्या होईपर्यंत नुसते बघत उभे राहिले.

मग माझ्याकडे वळले. "चंदी-वैरण चालू आहे?"

"चालू आहे. मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसकं बांधू नये, ही तर देवाची आज्ञा आहे. तुमच्या नियमात काही असो."

"आमच्या नियमातही काम करणाऱ्या जनावराने खाल्लेलं चालतं." त्यांनी टिपून घेतलं. "आणि रविवारचं काय?"

"तुमचं पत्र आल्यापासून आम्ही चालत जातो."

"तीन मैल? का पण?"

"तुम्ही लिहिलं होतं ना, करमणूक म्हणून."

"ते छापील असतं हो, बाई. आमच्याकडे चॅपलला असा वेगळा रकाना नाही." ते हसले आणि उगीच विचारावं तसं म्हणाले, "होती का पण करमणूक?"

नाही म्हणणं सोपं होतं. इद्वल सरीच्या टोकाला येऊन थांबला होता, त्याच्या कानावर जात होतं. मॉर्फिदही थांबली होती. मी म्हटलं, "होती. प्रवचनापेक्षा जास्त."

आता सगळं गेलं, असं मला वाटलं. इद्वल खोकला.

होप्किननी वही मिटली. "माझे आजोबा हेब्रोनलाच जायचे," ते म्हणाले. "पाळक रीसांच्या वडिलांच्या वेळी. तेव्हा मुद्दे पाच असायचे." मग इद्वलला हाक मारून विचारलं, "एक सरी मला धरता येईल का?"

धरली. नदीपेक्षा वाईट होती. इद्वलने ती नंतर दुरुस्त केली नाही, तशीच ठेवली आहे.

२ जुलै, मंगळवार

पत्र आलं. घोडी शेत कसण्यासाठी वापरली जाते, सबब परवानगीची जरूर नाही. विहिरीच्या शेताचा वापर, शेती. मालकाला वेळप्रसंगी उपासनेस नेणे हे कामाच्या ओघातले समजावे. मात्र घोडी निव्वळ फिरण्यासाठी जुंपू नये, ही विनंती.

मी मोठ्याने वाचत होते. इद्वल म्हणाला, "तो एक शब्द परत वाच."

"कुठला?"

"तुला माहीत आहे कुठला."

वाचला. तो पत्र घेऊन बाहेर गेला. खिडकीतून पाहिलं तर उत्तरेच्या बांधावर बसून पुन्हा वाचत होता, ओठ हलवत. मॉर्फिद त्याच्या खिशात तोंड घालून उभी, आणि त्याने खिशातून काढून तिला काहीतरी दिलं. लांबून बिस्किटासारखं वाटलं, पण इतक्या लांबून काय दिसतंय.

संध्याकाळी दोन लाद्या पाव भाजला, एक पोकॉकांना.

७ जुलै, रविवार

गाडीने गेलो. फुटका दिवा पोकॉकनी बसवून दिला आहे. उतारावर दुडकी. मी टोपी हाताने धरली आणि या वेळी मनाची झडती घेतली नाही. प्रवचनाचे तिन्ही मुद्दे आठवतात. की दोनच होते?

३० सप्टेंबर, सोमवार

अर्ध्या एकरातले सगळे बटाटे निघाले. मॉर्फिदने वाहिले. वाकड्या सरीतलेच सगळ्यांत मोठे निघाले. इद्वल दिवसभर स्तोत्रं गुणगुणत होता, खालच्या सुरातली. सोड्याचा डबा मागे सरकवून ठेवला.

थोरल्या बहिणीला, लिव्हरपूलला, आज पत्र टाकलं. तारखा लक्षात राहाव्या म्हणून त्याची नक्कल इथे ठेवते.

प्रिय टेगवेन,

सुगीच्या उपकारस्तुतीला तू यायचंच आहेस. २१ ऑक्टोबरला, सोमवारी, उपासना आहे, तेव्हा आदल्या शनिवारच्या बसने नाक्यावर उतर. आमची मोटार गेली हे तुला माहीतच आहे. मॉर्फिदला मुद्दाम तुझ्यासाठी जुंपता येणार नाही, कारण कौन्सिलने विनंती केली आहे आणि मी ती मोडणार नाही. पण शनिवारी आम्ही दुकानावर बटाटे पोचवतो. इद्वल म्हणतो, दोन गोण्या न विकता परत आणू, तू त्यांच्यावर बस, म्हणजे गाडी शेतीच्या कामाचीच राहील. मला हे जरा लबाडीचं वाटलं, पण त्याला सांगितलं तर म्हणतो, बटाटे खरे आहेत ना? खरे आहेत. तो हल्ली फार बोलतो.

शेजारच्या पोकॉकबाई तुला भेटतील. त्यांना मी पूर्ण क्षमा केली आहे. कशाबद्दल ते त्या अजूनही विचारतात, तर तू आपला विषय काढू नकोस. त्यांचा मनुकांचा पाव आता माझ्याइतका होतो.

खिशात काही खायचं ठेवशील तर वरच ठेव, अस्तर फाटत नाही. चांगला कोट घालू नकोस, माती आहे. आणि उतारावर घाबरू नकोस, ती आपणहून दुडकी धरते, आम्ही तिला सांगत नाही.

गोणीवर बसायला तुझी काही हरकत नाही ना, तेवढं उलट टपाली कळव. म्हणजे त्या दोन गोण्या बाजूला काढून ठेवते.

तुझी,
नेस्टा